मुखवटा कुणाचा?

१९२२ सालच्या सुरुवातीला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका छोट्या बेटावर, अलर्ट बे नावाच्या गावात, पंचेचाळीस जणांवर खटला भरला गेला. त्यांच्यावरचे आरोप असे होते : कुणी भाषण केलं होतं. कुणी नाचलं होतं. कुणी वाटायच्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या, तर कुणी त्या उचलून पाहुण्यांपर्यंत पोचवल्या होत्या. निकाल द्यायला बसलेले विल्यम हॅलिडे हे त्याच भागाचे ‘इंडियन एजंट’, म्हणजे आदिवासींवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी होते. १९१८ च्या कायदादुरुस्तीने एजंटाला अशा प्रकरणांत निवाडा करण्याची मोकळीक मिळाली होती. त्यामुळे गुन्हा शोधायचा त्याच कचेरीने आणि शिक्षा द्यायची तीही तिनेच, अशी सोय झाली होती.

ज्या समारंभावरून हे सगळं घडलं, तो १९२१ च्या डिसेंबरात व्हिलेज आयलंडवर झाला. नमगिस या आदिवासी गटातले एक मानकरी डॅन क्रॅनमर यांनी तिथे पॉटलॅच, म्हणजे नाचगाण्यांचा आणि पाहुण्यांना भेटी वाटण्याचा, कायद्याने बंदी असलेला समारंभ दिला होता. नाताळच्या दिवसांत, खवळलेल्या समुद्रातून सरकारी माणसं इतक्या लांब येणार नाहीत, या हिशेबाने जागा आणि वेळ निवडली होती. मोटरबोटी, बिलियर्डची टेबलं, शिवणयंत्रं, ग्रामोफोन, शेकडो ब्लँकेटं आणि पिठाची पोतीच्या पोती पाहुण्यांना वाटली गेली. बातमी फुटली आणि अटकसत्र सुरू झालं. पुढे सरकारने एक सौदा पुढे केला : गावाने आपले सगळे मुखवटे, खुळखुळे, शिरोभूषणं आणि तांब्याचे मानाचे पत्रे सरकारच्या हवाली केले, तर दोषींची शिक्षा स्थगित होईल. काही गावांनी माणसं वाचवण्यासाठी वस्तू दिल्या. ज्यांनी हे मान्य केलं नाही, त्यांच्यातले वीसएक स्त्री-पुरुष व्हँकूवरजवळच्या ओकाला तुरुंगात गेले. पहिल्यांदा सापडलेल्यांना दोन महिने आणि दुसऱ्यांदा सापडलेल्यांना तीन महिने अशी शिक्षा होती.

जमा झालेल्या शेकडो वस्तू अलर्ट बेच्या चर्चच्या सभागृहात बाकांवर मांडून लोकांना दाखवण्यात आल्या. न्यूयॉर्कचे संग्राहक जॉर्ज हाय यांनी त्यांतल्या तीसेक वस्तू २९१ डॉलरना उचलल्या. उरलेल्या ओटावा आणि टोरांटोच्या संग्रहालयांत पोचल्या. काही वस्तू आदिवासी खात्याचे सर्वोच्च अधिकारी डंकन कॅम्पबेल स्कॉट यांनी स्वतःसाठी ठेवून घेतल्या. हे स्कॉट कॅनडाचे नावाजलेले कवीही होते.

या वस्तू काय होत्या आणि त्या गेल्यामुळे नेमकं काय गेलं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात एका झाडापासून करावी लागते.

सालीचा हंगाम

व्हँकूवर बेटाचा उत्तर भाग, त्याच्यासमोरच्या खाड्या आणि मधली असंख्य बेटं हा क्वाक्वक्यवाक्व लोकांचा मुलूख. क्वाक्वाला भाषा बोलणाऱ्या अनेक गटांचं हे एकत्रित नाव. पॅसिफिकवरून येणाऱ्या पावसाने इथलं जंगल गच्च वाढलेलं असतं आणि त्या जंगलातलं सर्वांत मोलाचं झाड म्हणजे लाल सीडर. आपल्या हिमालयातल्या देवदाराशी त्याचं जवळचं नातं नाही. हे सायप्रसच्या कुळातलं झाड आहे. ते साठ मीटरपर्यंत उंच जातं आणि हजार वर्षंसुद्धा जगतं. त्याचं लाकूड हलकं असतं, पाचर ठोकली की सरळ रेषेत फाटतं आणि अंगच्या तेलामुळे पावसातही लवकर कुजत नाही. घराच्या फळ्या, एकसंध ओंडक्यातून कोरलेल्या होड्या, एकाच फळीला वाफ देऊन चारही कोपरे वाकवून केलेल्या पेट्या, सगळं याच लाकडाचं. बाळाचा पाळणा याचाच आणि माणूस गेल्यावर त्याला ठेवायची पेटीही याचीच.

साल काढतात ती वसंताच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, झाडात रस चढलेला असताना. तेव्हा साल लाकडापासून सहज सुटते. सरळ वाढलेलं, खालच्या बाजूला फांद्या नसलेलं झाड निवडतात. आधी झाडाशी बोलतात. कशासाठी साल हवी आहे ते त्याला सांगतात, गरजेपुरतीच घेऊ असा शब्द देतात आणि आभार मानतात. मग बुंध्याशी एक-दोन वितींचा आडवा छेद घेऊन सालीची कड सैल करतात, ती दोन्ही हातांनी धरतात आणि मागे चालत ओढतात. पट्टी वरवर सोलत जाते, उंचावर अरुंद होत होत आपोआप तुटते आणि सळसळत खाली येते. एकेक पट्टी कितीतरी मीटर लांब भरते. झाडाच्या घेरातला थोडाच भाग सोलायचा, हा नियम कडक आहे. सगळीकडून सोललं तर झाड मरतं. थोडं सोललं तर जखमेच्या दोन्ही कडा हळूहळू भरत येतात आणि झाड पुढे शेकडो वर्षं उभं राहतं.

अशा खुणा अंगावर असलेली झाडं आजही त्या जंगलांत आहेत. कोणत्या पिढीने कुठून साल नेली, हे त्या खुणांवरून वाचता येतं. १८४६ पूर्वीच्या खुणा असतील, तर ब्रिटिश कोलंबियाच्या वारसा संवर्धन कायद्याने त्या झाडाला संरक्षण मिळतं. जमिनीवरच्या हक्कांच्या वादांतही ही झाडं पुरावा म्हणून पुढे आली आहेत.

बाहेरची खरखरीत साल जंगलातच काढून टाकतात. आतली मऊ, पिवळसर साल घड्या घालून घरी आणतात आणि वाळवतात. वापरायच्या आधी पुन्हा पाण्यात भिजवतात, पापुद्रे सोडवतात आणि एकाच रुंदीच्या पट्ट्या पाडतात. चटई, टोपली आणि टोपी या पट्ट्यांची विणतात. मांडीवर वळून दोर करतात. हीच साल फळीच्या काठावर ठेवून देवमाशाच्या हाडाच्या थापीने कुटली की तिचा मऊ वाख होतो. त्यात पूर्वी बाळांना गुंडाळत, त्याची पावसात घालायची अंगवस्त्रं विणत. झाडाची वेळ ओळखण्यापासून शेवटची गाठ मारण्यापर्यंत हे ज्ञान मुख्यतः बायकांनी जपलं. त्या भागातल्या कलेवरची पुस्तकं कोरक्यांच्या नावांनी भरलेली असतात, विणणाऱ्या बायकांची नावं मात्र त्यांत क्वचितच सापडतात.

लाल सालीचा सोहळा

वाखाचा एक वाटा रोजच्या वापराला जात नाही. तो ऑल्डर झाडाच्या सालीच्या रंगात बुडवून तांबडा करतात. या तांबड्या सालीची कडी गळ्यात आणि डोक्यावर चढली, की हिवाळ्यातल्या पवित्र सोहळ्याला सुरुवात होते. क्वाक्वालात याला त्सेका म्हणतात. सालीच्या कड्याची जाडी, त्याचे पीळ, त्याला जोडलेले गोंडे यांवरून माणसाला कोणत्या नाचाचा मान आहे ते जाणकारांना कळतं.

या सोहळ्यात सर्वांत मोठा मान हामात्सा नाचाचा. कथा अशी, की जगाच्या उत्तर टोकाला एक नरभक्षक राक्षस राहतो. त्याच्या अंगभर तोंडं आहेत. त्याच्या तावडीत सापडलेला तरुण जंगलातून परततो तो पिसाटून. त्याच्या अंगावर हेमलॉक झाडाच्या डहाळ्या असतात. माणसं दिसली की तो चावायला धावतो. मग गाणी, नाच आणि वडीलधाऱ्यांच्या धीराने त्याला पुन्हा माणसांत आणलं जातं. तो शांत होत जातो तसतशा डहाळ्या उतरतात आणि त्यांच्या जागी लाल साल चढते. भुकेने वेडावलेला जीव समाजात कसा परत घ्यायचा, याचं हे नाट्य आहे आणि ते दर पिढीला नव्याने करावं लागतं.

त्या राक्षसाच्या घरातले पक्षी याच नाचात मुखवट्यांच्या रूपाने येतात : नरभक्षक डोमकावळा, लांब चोचीने माणसाची कवटी फोडणारा हुखहुक आणि वाकड्या चोचीचा पक्षी. हे मुखवटे लाल सीडरचे. आधी कुऱ्हाडीने आणि वाकसाने ओबड आकार काढतात, मग वाकड्या पात्याच्या सुरीने त्यावर हात फिरतो. काहींची लांबी मीटरभराहूनही अधिक असते. खालचा जबडा सुटा असून दोरी ओढली की चोच खाडकन मिटते. मुखवट्याच्या कडेने सालीचा दाट वाख सोडलेला असतो, त्यात नाचणाऱ्याचं अंग झाकून जातं. शेकोटीच्या उजेडात, लांबलचक फळीवर पडणाऱ्या काठ्यांच्या ठेक्यावर नाचणारा उकिडवा बसतो, वजनदार चोच डावी-उजवीकडे वळवतो, उडी मारून फिरतो, आणि प्रत्येक वळणावर तो वाख हलतो. काचेमागच्या मुखवट्यात हे काहीच दिसत नाही. विणणारीच्या हाताशिवाय कोरक्याचं काम पुरं होत नाही, हे नाच पाहिल्यावरच उमगतं.

जुन्या रंगांतसुद्धा ही साल होती. सॅमनची अंडी सीडरच्या सालीबरोबर चावून त्या चिकट द्रवात कोळसा किंवा गेरू खलत. पुढे दुकानातला रंग आला आणि कोरक्यांनी तो आनंदाने स्वीकारला. ब्लंडन हार्बरचे विली सीवीड यांनी चकचकीत एनॅमल रंग वापरून आणि कंपासने अचूक वर्तुळं आखून वाकड्या चोचीच्या मुखवट्याला जे रूप दिलं, त्याच्या पुढे आजही कोरक्यांचा हात थबकतो. ‘पारंपरिक’ म्हणजे गोठलेलं असं समजणाऱ्यांनी सीवीड यांचं काम पाहावं.

आणखी एक प्रकार रूप बदलणाऱ्या मुखवट्यांचा. बाहेरून पक्षी किंवा मासा दिसतो. नाचणारा दोऱ्या ओढतो, चेहरा दुभंगून उघडतो आणि आतून माणसाचं तोंड प्रकटतं. घराण्याचा मूळ पुरुष आभाळातून किंवा समुद्रातून आला आणि त्याने आपलं पक्ष्याचं किंवा माशाचं रूप उतरवून ठेवलं, ती घटना डोळ्यांदेखत पुन्हा घडते.

यातला कोणताही मुखवटा कुणीही उचलून नाचवू शकत नाही. नाच, गाणं, नाव आणि मुखवटा यांवर नमिमाचा, म्हणजे घराण्याचा हक्क असतो. हा हक्क वारशाने येतो, लग्नात मुलीबरोबर जावयाच्या घरी जातो, आणि तो खरा ठरतो तो लोकांसमोर मांडल्यावरच. पॉटलॅच त्यासाठी असतो. मुलाचं बारसं, लग्न, गेलेल्या माणसाचं स्मरण, नव्या मानकऱ्याची नेमणूक यांपैकी काहीही असो, यजमान आपला इतिहास नाचून दाखवतो आणि पाहुणे तो पाहतात. त्यांना मिळणारी भेट ही साक्षीची दक्षिणा असते. ती घेतली की पाहिलेलं लक्षात ठेवण्याची आणि वेळ आली तर त्याची ग्वाही देण्याची जबाबदारी पाहुण्यावर येते. ज्या समाजाने आपली दप्तरं कागदावर ठेवली नाहीत, त्याची ही नोंदणी कचेरी होती.

नेमक्या जागी घाव

कॅनडाच्या संसदेने १८८४ मध्ये इंडियन कायद्यात दुरुस्ती करून पॉटलॅचवर बंदी घातली. १ जानेवारी १८८५ पासून ती अमलात आली. शिक्षा दोन ते सहा महिने तुरुंगवासाची होती. बंदीसाठी मिशनरी आणि अधिकारी हटून बसले होते. त्यांचं म्हणणं असं, की जमवलेलं सगळं वाटून टाकणारी माणसं कधी सुधारणार नाहीत, बचत करणार नाहीत, शेती आणि खाजगी मालमत्तेच्या चाकोरीत येणार नाहीत. त्याआधी, १८६२ च्या देवीच्या साथीने या किनाऱ्यावरची गावंच्या गावं रिकामी केली होती. माणसं मेली तेव्हा नावं आणि मान रिकामे पडले आणि ते कुणाला द्यायचे हे ठरवायला पॉटलॅचची गरज पूर्वीपेक्षा जास्त होती. त्याच वेळी तो गुन्हा ठरला.

लोकांनी वाटा शोधल्या. दूरच्या गावांत, वादळी दिवसांत समारंभ झाले. नाच एका महिन्यात आणि वाटप दुसऱ्या महिन्यात, असे तुकडे पाडले गेले. वाटपाला नाताळच्या भेटींचं नाव दिलं गेलं. याच काळात बाहेरच्या जगाला मात्र हे मुखवटे हवेहवेसे वाटत होते. मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस फोर्ट रूपर्टच्या जॉर्ज हंट यांच्या मदतीने या समाजाची हजारो पानांची नोंद करत होते. छायाचित्रकार एडवर्ड कर्टिस यांनी १९१४ मध्ये याच लोकांना घेऊन चित्रपट काढला आणि कॅमेऱ्यासमोर तेच नाच करवून घेतले. कॅमेऱ्यापुढे नाचणं चालत होतं, स्वतःच्या मुलाच्या नावासाठी नाचणं गुन्हा होता.

म्हणूनच १९२२ ची जप्ती साधी लूट वाटत नाही. मुखवटा गेला की हक्क मांडता येत नाही, हक्क मांडला नाही की साक्ष उरत नाही, आणि साक्ष उरली नाही की एका पिढीत घराणं आपला इतिहास हरवतं. हे अधिकाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. १९२९ मध्ये त्याच अलर्ट बेला सेंट मायकल्स ही निवासी शाळा सुरू झाली. आईबापांपासून तोडलेल्या मुलांना तिथे क्वाक्वाला बोलायची मनाई होती. ती शाळा १९७४ पर्यंत चालली. आधी वस्तू घेतल्या, मग भाषा.

घरी आणणं

१९५१ मध्ये इंडियन कायदा नव्याने लिहिला गेला आणि बंदीचं कलम गाळण्यात आलं. ते चुकीचं होतं असं कुणी जाहीर केलं नाही, ते फक्त छापलं गेलं नाही. दोन वर्षांनी, १९५३ च्या डिसेंबरात, कोरके मंगो मार्टिन यांनी व्हिक्टोरियातल्या थंडरबर्ड पार्कमध्ये स्वतः बांधलेल्या मोठ्या घरात उघडपणे पॉटलॅच दिला. मार्टिन यांनी कोरीवकाम सावत्र वडील चार्ली जेम्स यांच्याकडून शिकून बंदीच्या काळात जिवंत ठेवलं होतं. पुढे हेन्री हंट, टोनी हंट, डग क्रॅनमर अशी पिढी त्यांच्या हाताखाली घडली. जेम्स यांची नात एलन नील हिने पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या या कामात स्वतःचं नाव केलं.

वस्तू परत मागण्याचा लढा १९६० च्या दशकाच्या अखेरीस जोर धरू लागला. ओटावाच्या संग्रहालयाने परत देण्याची तयारी दाखवली, पण अट घातली : आधी संग्रहालय बांधा. ज्यांच्या घरातून वस्तू नेल्या, त्यांनीच त्या ठेवायला योग्य असल्याचं सिद्ध करायचं होतं. लोकांनी ते करून दाखवलं. १९७९ मध्ये क्वाड्रा बेटावर केप मजला एक संग्रहालय उघडलं आणि १९८० च्या नोव्हेंबरात अलर्ट बेला उमिस्ता सांस्कृतिक केंद्र. उमिस्ताच्या उभारणीत डॅन क्रॅनमर यांच्या कन्या, मानववंशशास्त्रज्ञ ग्लोरिया क्रॅनमर वेबस्टर पुढे होत्या. वडिलांच्या समारंभापायी गेलेलं त्यांनी मिळवून आणलं. २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं.

उमिस्ताच्या मोठ्या दालनात पॉटलॅचचे मुखवटे काचेच्या कपाटांत ठेवलेले नाहीत. इतकी वर्षं कुलपात राहिलेल्यांना पुन्हा कोंडायचं नाही, असं समाजाने ठरवलं. ते उघड्यावर आहेत, समारंभात ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने. सेंट मायकल्सची इमारत जवळच उभी होती. २०१५ मध्ये ती पाडली, तेव्हा तिथे शिकलेली आता म्हातारी झालेली माणसं गोळा झाली होती.

टोरांटोच्या संग्रहालयाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडचा वाटा परत केला. हाय यांचा संग्रह अमेरिकेच्या राष्ट्रीय आदिवासी संग्रहालयात गेला होता, तिथूनही १९९० च्या दशकापासून वस्तू येऊ लागल्या. एक शिरोभूषण फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ यांच्या पॅरिसच्या घरात होतं. २००३ मध्ये त्यांची मुलगी ओब हिने ते अलर्ट बेला आणून दिलं. तिला कुठल्या कायद्याने भाग पाडलं नव्हतं. ब्रिटिश म्युझियमने मात्र एक रूप बदलणारा मुखवटा २००५ मध्ये पाठवला तो दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर. संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकायला तिथल्या कायद्याची आडकाठी आहे. महाराष्ट्राला ही पद्धत आता ओळखीची आहे. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममधून साताऱ्याला आलेली वाघनखंही तीन वर्षांच्या बोलीवर आली आहेत. मुक्काम घरी आणि मालकी परक्या गावी, हा तोडगा अर्धवटच म्हणावा लागतो.

जपण्याचा अर्थ

आज अलर्ट बेला मोठ्या घरात पुन्हा पॉटलॅच होतात. हे घर १९६३ मध्ये बांधलं, १९९७ मध्ये कुणीतरी जाळलं आणि लोकांनी १९९९ पर्यंत पुन्हा उभं केलं. उन्हाळ्यात शाळकरी मुलं तिथे पाहुण्यांसमोर नाचतात आणि त्यांच्या गळ्यात आजीने, मावशीने वळलेली लाल सालीची कडी असतात. मात्र मोठ्या कामाला लागणारी सरळ, जुनी, निर्दोष झाडं व्यापारी तोडीने विरळ झाली आहेत. व्हँकूवर बेटाच्या पूर्व बाजूला कोरड्या उन्हाळ्यांनी लाल सीडर शेंड्याकडून वाळताना दिसतो. मुखवटे परत आले, तरी पुढचे मुखवटे कोरायला आणि त्यांना साल लावायला जंगल उरलं पाहिजे. परतफेडीची चर्चा संग्रहालयाच्या दारापाशी थांबते, तेव्हा हा भाग सुटून जातो.

कोरके बो डिक यांनी २०१२ मध्ये केलेल्या एका कृतीने अनेक संग्राहक हादरले. त्यांनी व्हँकूवरच्या एका कलादालनातले चाळीस आटलाकिम मुखवटे गावी नेले, नाचवले आणि नंतर समारंभपूर्वक जाळले. आटलाकिम हे जंगलातल्या आत्म्यांचे मुखवटे. ठरलेले नाच झाले की ते जाळायचे आणि पुन्हा नवे कोरायचे, अशी रीत आहे. मुखवटा जाळला तरी हक्क जळत नाही, आणि नवा कोरावा लागतो म्हणून हातातली विद्या पुढच्या पिढीकडे जाते. डिक यांच्या मुखवट्यांना विकत घेणारे होते. त्यांनी बाजारापुढे रीत ठेवली.

परतफेडीचा प्रश्न इथे सर्वांत स्वच्छ दिसतो. संग्रहालयं म्हणतात, आम्ही जपतो. त्यांच्या लेखी जपणं म्हणजे ठरलेलं तापमान, मंद उजेड आणि हात न लावणं. त्या कौशल्याचा आदर करूनही म्हणावं लागतं, की मालकाला विचारून केलं तरच ते जपणं. नाचवायचा, उघड्यावर ठेवायचा, लेकीच्या लग्नात द्यायचा की अग्नीला वाहायचा, हे ज्या घराण्याचा मुखवटा त्याने ठरवावं. आणि तोवर ज्या ज्या देशात असा मुखवटा मांडलेला आहे, तिथल्या पाटीवर शैली, लाकूड आणि उंची यांच्याआधी तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात : तो कुठल्या घराण्याचा, कोणत्या साली घरातून गेला आणि कसा. एवढं लिहायला कुठल्याही संसदेचा कायदा आड येत नाही.